नवतपातले रिकामे चौकोन

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, लागला त्या सकाळी साडेसहाला स्कूटी काढली, तर हँडल तेवढ्यातच कोमट झालं होतं. दोरीवर वाळत घातलेला माझा पांढरा कोट उरल्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या वाऱ्यानं काळपट करून ठेवला होता. आई दारातून म्हणाली, "झटकून घाल नं वं, आता काय धुतेस!" आई आता पक्की रायपूरची झाली आहे. भंडाऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हा इथल्या बासीला नाक मुरडायची म्हणे. आता नवतपाचे नऊ दिवस भाताला पाणी घालून ठेवते, सकाळी कच्च्या कांद्याबरोबर स्वतः खाते आणि मलाही बळजबरीनं खाऊ घालते. मी घराबाहेर पडताना माझ्या पर्समध्ये एक कांदा टाकते तो वेगळाच. मी नर्स आहे, कांद्यानं ऊन अडत नाही हे तिला शंभरदा सांगून झालं. "राहू दे, काही खात तर नाही तुले," म्हणते.

लोकांना नवतपा आवडतो, हे मला कळतच नाही. चौकात कलिंगडांचे ढीग लागतात, गुलमोहर पेटलेले असतात, आणि जो भेटेल तो म्हणतो, "नवतपा चांगला तापला पाहिजे, मग पाणी चांगलं पडते." उन्हाचा आकडा दोननं वाढला की पेपर वाचून खुश होतात. अरे, खुश काय होता? तो आकडा कुणाच्या तरी अंगात शिरणार असतो. भट्टीपुढे उभं राहून लोखंडाच्या सळया ओढणारा माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला सावलीसुद्धा तापलेलीच मिळते. मला या दिवसांत संताप येतो. उन्हाचा येतो, माणसांचा येतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

यंदा त्या संतापाला पहिल्याच दिवशी निमित्त मिळालं. मी ज्या दवाखान्यात जनरल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे, तिथल्या मॅनेजर साहेबांची चिठ्ठी टेबलावर होती. वॉर्डच्या चार्टमध्ये सात चौकोन रिकामे आढळले आहेत. चार दिवसांनी तपासणीवाले येणार आहेत. चौकोन भरून घ्यावेत, नाहीतर ते रिकामे सोडणाऱ्या स्टाफचं नाव द्यावं, तिला कमी करण्यात येईल. कमी करण्यात येईल! भाजीतलं मीठ आहे का ती पोरगी?

नाव मला माहीत होतं. टिकेश्वरी. धमतरीजवळच्या खेड्यातली, बावीस वर्षांची, पहिलीच नोकरी, चार महिने झालेले. वडील नाहीत, घरात शिकलेली ती पहिली. तिला ही नोकरी गेली तर गावात परत जाऊन 'काहून आली?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार, आणि पुढच्या प्रत्येक दवाखान्यात 'पहलेवाली क्यों छोड़ी?' या प्रश्नाला. आदल्या दुपारी उरल्याहून लू लागलेले, उष्माघाताचे, दोन कामगार एकदम आले होते. टिकेश्वरी एकटी होती. ती त्या दोघांना ओल्या चादरीत गुंडाळत होती, बर्फ लावत होती, आणि म्हणून बाकीच्या सात खाटांवरच्या माणसांचा चार वाजताचा ताप तिनं पाहिला नाही. पाहिला नाही म्हणून लिहिला नाही. हे तिला मीच शिकवलं होतं.

ज्यांनी दवाखाना फक्त पेशंटच्या बाजूनं पाहिला आहे त्यांना सांगते. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पाटी लटकलेली असते, तिला कागद लावलेला असतो. त्यावर आडवे उभे चौकोन. दर दोन तासांनी नर्सनं ताप, नाडी आणि श्वास मोजायचा आणि त्या वेळेच्या चौकोनात आकडा टाकायचा. डॉक्टर येतो, पाटी उचलतो, आकडे वाचतो आणि ठरवतो. कागद भरलेला असला की सगळ्यांना बरं वाटतं. डॉक्टरला बरं वाटतं, मॅनेजरला बरं वाटतं, तपासणीवाल्यांना तर फारच बरं वाटतं. पेशंटला बरं वाटतं की नाही हे त्या कागदावरून कळावं अशी अपेक्षा असते.

माझी पहिली नोकरीसुद्धा नवतपातलीच. निकाल लागला आणि मी प्लास्टिकच्या फाईलमध्ये कागद घालून रायपूरभर फिरले. बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर. त्यांनी ती फाईल आणली होती, निळी, चेनवाली. म्हणाले, "कागद सांभाळजो. आपल्या घरात असे कागद पहिल्यांदाच आले." डोक्याला गमछा, हातात फाईल, ऊन असं की डांबर चपलेला चिकटायचं. एका ठिकाणी म्हणाले अनुभव नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले अनुभव नाही. अहो, कुणी घेतलंच नाही तर अनुभव काय बाजारातून विकत आणू? तिसऱ्या ठिकाणी तीन माणसं टेबलामागे बसली होती, कूलरचा वारा फक्त त्यांच्याकडे वळवलेला. बेशुद्ध पेशंटला नळी कशी टाकतात, एवढं एक विचारलं. बाकी सगळं वेगळंच. "शादी कब है?" "मराठी हो, नागपुर तो नहीं भाग जाओगी?" "घर में कौन छोड़ने आएगा?" मी सगळ्याची गोड उत्तरं दिली. आजही आठवलं की त्या गोड आवाजाचा मला राग येतो.

नोकरी मिळाली ती समता कॉलनीतल्या एका खासगी दवाखान्यात. तो आता बंद झाला आहे. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या माणसानं हात पुढे केला, "ओरिजिनल." मला वाटलं बघायला मागतोय. त्यानं निळ्या फाईलमधून दहावीपासून नर्सिंगपर्यंतचे सगळे मूळ कागद काढले, लोखंडी कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. दोन वर्षांनी परत मिळतील म्हणाला. सही कर. मी केली. रायपूरमध्ये सगळीकडे हीच पद्धत होती, सगळ्या मुली हेच करायच्या, आणि सगळ्या करतात म्हटल्यावर त्यात चूक काही असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही. घरी बाबांनी फाईल हातात घेतली. ती हलकी लागली त्यांना. त्यांनी चेन लावली आणि ठेवून दिली.

त्या दवाखान्याचा जनरल वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर. वर गच्ची तापलेली, खाली आम्ही. अठ्ठावीस खाटा आणि दुपारच्या पाळीला मी एक नर्स. सोबत एक आया, ती खाली सांडलेलं पुसायला गेली की तासभर येत नसे. मला काम शिकवलं सरोज दीदींनी. बिलासपूरच्या, पंधरा वर्षं नोकरी झालेल्या, हात इतका हलका की सुई टोचलेली लहान मुलांना कळायची नाही. मी आजवर पाहिलेली सगळ्यात चांगली नर्स. त्यांनीच पहिल्या आठवड्यात मला सांगितलं, "सुन, आते ही पूरी शिफ्ट का चार्ट भर दे. दो, चार, छह, तीनों. बाद में टाइम नहीं मिलेगा और राउंड में गाली खाएगी." मी विचारलं, आकडा कोणता लिहू? त्या हसल्या. "जो अच्छा-भला आदमी का होता है."

म्हणजे अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. दोनला अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, चारला तोच, सहाला तोच. पहिल्या दिवशी लिहिताना मी दर आकड्याला थांबत होते. चौथ्या दिवशी गाणं गुणगुणत लिहीत होते. सवय लागायला तीन दिवस पुरतात, याची मला आजही लाज वाटते.

त्या नवतपातल्या एका दुपारी बिसाहू नावाचा माणूस आला. उरल्यातल्या रोलिंग मिलमध्ये कामाला, पस्तिशीचा, दंड असे की सलाइनची पट्टी पुरेना. उलटी आणि चक्कर म्हणून दाखल केलं होतं. सोबत बायको, सुकवारो. मी दोन वाजता ड्यूटीवर आले, पाट्या गोळा केल्या, टेबलावर रचल्या आणि सगळ्यांचे तिन्ही चौकोन भरून टाकले. बिसाहूचेही भरले. त्याच्या अंगाला मी हातसुद्धा लावलेला नव्हता. मग सलाइन, इंजेक्शनं, एका म्हाताऱ्याचा श्वास, एका बाईच्या ऑपरेशनची तयारी, आणि मध्येच वीज गेली. जनरेटर खालच्या मजल्यासाठी होता, वरच्या वॉर्डसाठी नव्हता. कूलर बंद. पाच वाजता डॉक्टर राउंडला आले, बिसाहूची पाटी उचलली, म्हणाले, "टेम्परेचर नॉर्मल है, सलाइन चलने दो," आणि पुढे गेले. त्यांनीही त्याला हात लावला नाही. का लावतील? मी लिहून दिलं होतं ना.

साडेपाचला सुकवारो माझ्याजवळ आली. पदर तोंडाशी धरलेला. "दीदी, देख तो, एखर देह अब्बड़ तात हे." अंग फार तापलंय म्हणत होती. मी म्हटलं, येते. सलाइन बदलून गेले. ती तोवर नवऱ्याला वारा घालत होती. वारा घालायला दुसरं काही मिळालं नसेल, तिनं खाटेची पाटी काढून घेतली होती. माझ्या तीन आकड्यांनी ती त्याला वारा घालत होती. मी कपाळावर हात ठेवला आणि हात मागे आला. घामाचा एक थेंब नाही, कातडी कोरडी, डोळे उघडे पण बघणं नाही. थर्मामीटर एकशे सहावर गेला.

पुढचं मी जीव तोडून केलं, ते खोटं नाही सांगत. खाली उसाच्या रसवाल्याकडे धावत गेले आणि त्याची बर्फाची लादी पोत्यासकट उचलून आणली. तो ओरडत मागे आला, वॉर्डात येऊन पाहिलं आणि मुकाट्यानं स्वतःच बर्फ फोडू लागला. काखेत, जांघेत, मानेखाली बर्फ, ओल्या चादरी, चौघं जण वारा घालताहेत. ताप उतरू लागला तसं त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं. बिसाहू वाचला.

दुसऱ्या दिवशी मालक डॉक्टरांनी बोलावलं. मी रात्रभर झोपले नव्हते. नोकरी गेली, कागद गेले, पोलीस येतील, काय काय वाटत होतं. त्यांच्या टेबलावर बिसाहूचा चार्ट होता. त्यांनी तो माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "वेरी गुड सिस्टर. रेकॉर्ड एकदम क्लीन है. हम सेफ हैं." मला शाबासकी मिळाली! तोंड उघडून मी म्हणू शकले असते, की साहेब, हे मी न बघता लिहिलंय. मी "थँक यू सर" म्हटलं. माझ्याच तोंडानं म्हटलं.

दोनेक आठवड्यांनी ते दोघं कसल्याशा कागदावर सही घ्यायला आले. बिसाहू बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. पाय एकीकडे पडायचा, अंग दुसरीकडे झुकायचं. बोलणं जड, जीभ अडखळत होती. जास्त ताप मेंदूला चढला की असं होतं, पुस्तकात वाचलेलं होतं. भट्टीसमोर आता तो कधी उभा राहणार नव्हता. सुकवारोनं मला पाहिलं, सोबतच्या बाईला म्हणाली, "एही दीदी ह बचाइस हे," आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. हिनंच वाचवलं म्हणे! मी पाय मागे घ्यायचं सुद्धा विसरले.

त्याच संध्याकाळी मी नोकरी सोडायला ऑफिसात गेले. तो माणूस म्हणाला, छोड़ दो, कागज दो साल बाद ले जाना. घरी येऊन रडले तेव्हा आई म्हणाली, "काहून रडून राहिली, कोणी काही बोललं काय?" कुणीच काही बोललं नव्हतं, तेच तर! कुणी एक जरी बोललं असतं, शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मी आईजवळ सगळं ओकून टाकलं असतं. "ऊन लागलं," एवढंच म्हणाले. तिनं पन्हं दिलं.

दोन वर्षं तिथंच काढली. दुसरं काही जमलं नाही, पण एक केलं. जो ताप पाहिला नाही तो लिहिला नाही. चौकोन रिकामा ठेवला आणि त्याशेजारी सही केली. सरोज दीदी चिडल्या. "मरवाएगी क्या? सबका भरा है, तेरा खाली है, कामचोर तू ही दिखेगी." दिसलेच मी कामचोर. राउंडमध्ये बोलणी खाल्ली, तीन वेळा लेखी खुलासा मागितला. पण रिकामा चौकोन दिसला की डॉक्टर थांबायचा, चिडून विचारायचा, "इसका कितना है?" आणि मग कुणीतरी थर्मामीटर लावायचं. मला तेवढंच हवं होतं. पुढे एके दिवशी सरोज दीदींच्या चार्टवर एक चौकोन रिकामा दिसला. शेजारी त्यांची सही होती.

मग दुसरा दवाखाना, मग तिसरा, आणि इथं मी इन्चार्ज झाले. इन्चार्ज झाल्यावर त्यांनी मला नेतृत्व शिकायला पाठवलं, नवा रायपूरच्या एका हॉलमध्ये. बाहेर मैलभर रुंद रस्ते, त्यावर माणूस नाही. आत एसी इतका की शाल घ्यावी. कोटवाल्या गृहस्थांनी पडद्यावर उडणारी बदकं दाखवली. पुढचं बदक थकलं की मागचं पुढे येतं म्हणे, यालाच लीडरशिप म्हणतात. मी हात वर करून विचारलं, सर, दुपारच्या पाळीला बदक एकच असेल तर? सगळ्या सिस्टर हसल्या. सरही हसले, म्हणाले अच्छा सवाल है, आणि पुढची स्लाइड लावली. परत येताना तासभर बस मिळाली नाही. तिथं भर उन्हात उभी राहून मी बदकांना जे काही बोलले ते इथं लिहीत नाही.

तर चिठ्ठी. त्या दिवशी मी रागानं उत्तराचा कागद काढला, लिहायला बसले आणि ठरवलं की सकाळी सात चौकोनांचे ते कागद सोबत लावून साहेबांच्या समोर आदळायचे. दुसऱ्या दिवशी कागद काढले. सातही चौकोन भरलेले होते. सुबक, शाळेतल्यासारख्या अक्षरात, सात वेळा अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

मी टिकेश्वरीला औषधांच्या खोलीत नेलं आणि तिला जी झापली! काय शिकवलं तुला, कशासाठी घसा कोरडा केला, लाज नाही वाटली? ती मान खाली घालून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "दीदी, मेरी मार्कशीट उनके पास है."

मला हे माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी तिच्या मुलाखतीला मी टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. कूलर माझ्याकडे होता. ऑफिसातल्या माणसानं हात पुढे केला, टिकेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तिनं कागद दिले. अशा अकरा मुलींच्या वेळी मी मान हलवली आहे. चार्टचे चौकोन रिकामे ठेवायला शिकवते म्हणून मिरवणारी मी, त्या कपाटाबद्दल एका शब्दानं कधी बोलले नाही. कारण सगळीकडे हीच पद्धत आहे. अगदी हेच कारण सरोज दीदींनी मला दिलं होतं.

"और सच बताऊँ, दीदी," टिकेश्वरी तिच्या हिंदीत म्हणाली, "हम लोगों को लगता था ये आपका शौक है. जैसे किसी को चादर एकदम सीधी चाहिए." माझा शौक! दहा वर्षं जो आकडा माझ्या घशात अडकलाय तो या पोरींना शौक वाटला, आणि त्यांची काय चूक? मी नियम सांगितला होता, बिसाहू कधी सांगितलाच नव्हता. कुणालाच. आईला नाही, बाबांना नाही. चांगली सिस्टर, कडक सिस्टर, प्रामाणिक सिस्टर, असं नाव कमावलं होतं, आणि त्या नावाखाली तो माणूस एका बाजूला झुकत चालत होता.

दुपारी दोनला पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणारीला खाटेगणिक माहिती देते. त्या दिवशी मी दोन्ही पाळ्यांच्या मुलींना टेबलाभोवती थांबवलं. म्हटलं, पाच मिनिटं ऐका. आणि उभ्या उभ्या सांगितलं. तीन आकडे मी लिहिले. अंगाला हात न लावता लिहिले. डॉक्टरनं ते वाचले. त्याची बायको त्याच पाटीनं वारा घालत होती. मला शाबासकी मिळाली आणि मी थँक यू म्हटलं. शेवटी म्हटलं, "वह आदमी आज भी ठीक से चल नहीं सकता, और उसकी औरत ने मेरे पैर छुए थे."

मला वाटलं होतं, माझ्याकडे आता निराळ्याच नजरेनं पाहतील. काहींनी पाहिलंही. मग टिकेश्वरीनं खिशातून पेन काढलं. सातही कागद पुढे ओढले. प्रत्येक आकड्यावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं, 'नहीं देखा'. पूर्ण नावानं सही केली. आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव, गावासकट. मी म्हटलं गावाची गरज नाही. "हव," म्हणजे हो, म्हणाली, पण गाव तसंच राहू दिलं.

मी उत्तर पुन्हा लिहिलं. चौकोन रिकामे का राहिले, त्या दुपारी खाटा किती आणि नर्स किती. ते भरायला कुणी भाग पाडलं. कमी करायचं असेल तर रिकामे ठेवायला शिकवणारी मी आहे, मला करा. आणि शेवटी, अकरा मुलींचे मूळ कागद कुठल्या कायद्यानं कपाटात ठेवले आहेत ते लेखी कळवा. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "सिस्टर, धूप लगी है क्या आपको?" मी म्हटलं, हो, दहा वर्षांपूर्वीच लागली.

तपासणीवाले आले. त्यांच्यात एक बाई होत्या. खोडलेले सात आकडे पाहून त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "उस दिन दोपहर में कितनी सिस्टर थीं?" साहेब काही बोलायच्या आत मी म्हटलं, एक. त्यांनी ते लिहून घेतलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस. पुढे त्याचं काय करतील देव जाणे, मी फार आशा ठेवत नाही.

टिकेश्वरीची नोकरी राहिली. साहेबांना दया आली असं नाही, नवतपात बदली मुलगी मिळत नाही. कागद अजून कपाटातच आहेत. अकराही मुलींनी आता लेखी मागितले आहेत, प्रत्येकीनं स्वतःच्या सहीनं, आणि मी त्यांच्या मागे रोज एक स्मरणपत्र लावते. माझं इन्चार्जपद मात्र काढलं. 'प्रशासकीय कारणास्तव'. आईला सांगितलं तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं, बिसाहूचंही. मग म्हणाली, "त्या दिवशी तुले ऊन नव्हतं लागलं त." मी नाही म्हटलं.

काल दुपारी दोनला मी साध्या स्टाफच्या पाळीवर गेले. सकाळची पाळी टिकेश्वरीची होती. नियमाप्रमाणे तिनं मला वॉर्ड सोपवला, मी वही घेऊन तिच्यामागून खाटेखाटेनं चालले. ती आधीपेक्षा सावकाश बोलत होती, माझ्याकडे बघून. नऊ नंबरला एक म्हातारा होता, तोंड भिंतीकडे, चादर मानेपर्यंत ओढलेली. पाटीवर एक चौकोन रिकामा होता.

"इनका बारह बजे का नहीं देखी हूँ, दीदी," टिकेश्वरी म्हणाली.

बाकीच्या खाटा तशाच ठेवून मी थर्मामीटर झटकला आणि म्हाताऱ्याच्या कपाळावर हात ठेवला.